द्राक्षपट्ट्यातल्या माती-पाण्याच्या रेसिड्यू रिसर्चला पैसे कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातली एक शेतकरी कंपनी, सभासद सगळे द्राक्ष-बेदाणावाले. गावातल्या विहिरींचं पाणी, बागेतली माती आणि तयार माल या तिन्हीत केमिकल किती साठलंय याचा त्यांना नीट रिसर्च करायचाय, त्याला फंडिंग कुठून मिळेल आणि प्रपोजलमध्ये स्वतःची लॅब, स्वतःचं मशीन मागावं का. विचारणारा मुलगा ॲग्री ग्रॅज्युएट आहे, त्याने शेवटी लिहिलंय की चार ठिकाणी जाऊन आलो, सगळे म्हणतात विषय फार चांगलाय, पण पैशाचं कोणीच बोलत नाही.

बाळा, "विषय चांगलाय" म्हणजेच पैसे नाहीत. हे मी बावीस वर्षं रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे माला-मातीत औषधाचा किती अंश उरला ते मोजणाऱ्या लॅबमध्ये, काढून शिकलेय, त्यातली निम्मी वर्षं मशीनसमोर आणि निम्मी प्रपोजल, यूसी (पैसे खर्च केल्याचा दाखला) आणि ऑडिटच्या फायलींसमोर गेली. तेव्हा उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घे. माती खराब झाली म्हणून आपल्याकडे कोणी पैसे देत नाही. त्या खराबीने कोणाचं तरी नुकसान झालं, ते बिलावर दिसलं, आणि तो माणूस ओरडला, की मग पैसे येतात. तुमच्याच पिकाचं उदाहरण बघ. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल, असिफेट असली कीटकनाशकं मर्यादेपेक्षा जास्त सापडली आणि निर्यातीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याआधी रेसिड्यूवर काम करणारे शास्त्रज्ञ नव्हते असं नाही, कीटकनाशक अंशांचा अखिल भारतीय प्रकल्प १९८४-८५ पासून चालू होता आणि त्याचं केंद्र राहुरीच्या विद्यापीठातही आहे. पण २००३ नंतर एका वर्षाच्या आत अपेडाचा, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचा, रेसिड्यू मॉनिटरिंग प्लॅन आला, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात नॅशनल रेफरल लॅब उभी राहिली, २००६ मध्ये ग्रेपनेट ही निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंदणी आली, प्रत्येक प्लॉटला नंबर मिळाला. एवढ्या वेगाने सरकारी काम झालेलं मी दुसऱ्या पिकात फारसं पाहिलेलं नाही. त्याच २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सीएसई या संस्थेने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००४ पासून बाटलीतल्या पाण्याला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली. बाटलीला गिऱ्हाईक असतं ना. तुझ्या गावच्या विहिरीला गिऱ्हाईक नाही, विहिरीचा कंटेनर रॉटरडॅमहून परत येत नाही, म्हणून तिच्यावर रिसर्च करायला पैसे मिळत नाहीत. हे वाईट आहे, पण आहे हे असं आहे.

मग करायचं काय, तर तुझ्या त्या मोठ्या विषयाचे तुकडे पाड आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिही की यात नुकसान कोणाचं. "तासगाव तालुक्यातील माती, पाणी व पिकांतील रासायनिक प्रदूषणाचा अभ्यास" असं टायटल कमिटीपुढे गेलं की काय होतं सांगू? मी अशा कमिट्यांवर बसलेय. पहिला मेंबर म्हणतो कोणतं केमिकल, दुसरा म्हणतो कोणती माती, तिसरा घड्याळ बघतो. आम्ही त्याला आपसात "स्टेटस प्रपोजल" म्हणायचो, म्हणजे अमुक ठिकाणी तमुक किती आहे ते मोजतो आणि तक्ता देतो, पुढे काय ते देव जाणे.

तुकडे कसे पाडायचे ते तुमच्याच मालावर दाखवते. बेदाणा घे. साधारण चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून गेलं, औषधाचा अंश राहिला, म्हणजे हिशोबाने तो चौपट व्हायला पाहिजे. पण तसं होत नाही, काही औषधं उन्हात-वाऱ्यात उडतात, काही डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या बुडवणीत धुऊन जातात, काही मात्र सालीच्या मेणात घट्ट बसतात आणि खरोखरच तिप्पट-चौपट होतात. आता कोणतं औषध कुठल्या गटात जातं, सावलीच्या शेडमध्ये काय होतं आणि उघड्यावर काय होतं, हा प्रश्न तुला शेडवर बसून सोडवता येतो, एका सीझनमध्ये सोडवता येतो, आणि त्याचं उत्तर बेदाणा निर्यात करणाऱ्याला आजच पाहिजे कारण युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते. ०.०१ म्हणजे किती, तर शंभर टन मालात एक ग्रॅम. सात-आठ कंटेनर भरून द्राक्षं आणि त्यात चिमूटभर. या तुकड्याला व्यापारी स्वतः पैसे देईल, सरकारकडे जायचीही गरज नाही. त्याला फक्त हे दाखव की एक लॉट नाकारला गेला तर त्याचं किती जातं आणि चाळीस सॅम्पलची तपासणी कितीला पडते.

दुसरा तुकडा तांबं. बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची बुरशीनाशकं किती वर्षं मारताय? तुझ्या आजोबांपासून. बाकीची औषधं कधी ना कधी मोडतात, तांबं हे मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही, पानावरून खाली पडतं आणि वरच्या वीतभर मातीत बसून राहतं. तुमची माती चुनखडीची, पीएच आठच्या आसपास, म्हणून ते बांधलेलं राहतं आणि झाडाला लगेच त्रास दिसत नाही. आता गंमत बघ, सॉइल हेल्थ कार्डवर तांबं मोजलेलं असतं, पण ते कमतरता शोधायला. डीटीपीए पद्धतीने ०.२ पीपीएमच्या खाली असेल तर "कमी", वर असेल तर "पुरेसे". मग ते २ असो की २० असो, कार्ड म्हणणार पुरेसे! म्हणजे तुमच्या सभासदांच्या घरात कपाटात पडलेल्या कार्डांवर हा डेटा २०१५ पासून फुकट पडून आहे. ती कार्डं गोळा कर, बागेचं वय विचारून समोर लिही, एक्सेलमध्ये ग्राफ काढ. जुन्या बागांत आकडा चढलेला दिसला तर तुझ्या प्रपोजलचं पहिलं पान तयार झालं, आणि खर्च झाला पेट्रोलचा. कमिटीसमोर असा एक ग्राफ दहा पानांच्या "प्रस्तावने"पेक्षा जड असतो. (प्रस्तावनेत "शेती हा भारताचा कणा आहे" असं लिहू नको, प्लीज. कमिटीला माहिती आहे.)

तिसरा तुकडा पाणी, आणि इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना पाहिलेत. लोक उत्साहाने पन्नास विहिरींचं पाणी आणतात, प्रत्येकात शे-दोनशे कीटकनाशकं तपासायला लावतात, बिल लाखांत जातं आणि रिपोर्टमध्ये सगळीकडे "बीएलक्यू", म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्या खाली. मग सगळ्यांचा विरस, आणि फंड देणारा म्हणतो प्रॉब्लेमच नाही. अरे पण तुम्ही सॅम्पल कधी घेतलं? फवारणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात आणि सॅम्पल मेमध्ये. म्हणून आधी नायट्रेट मोज. नायट्रेट ऋण भाराचा असतो, चिकणमातीचे कणही ऋण भाराचे, ते त्याला धरून ठेवत नाहीत, ज्यादा युरिया दिला आणि पाणी सोडलं की तो सरळ खाली विहिरीत. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे ती ओलांडलेली आहे, आपल्याकडे विदर्भातले वर्धा, बुलढाणा, अमरावती तर फारच वर आहेत. नायट्रेटच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, एका पट्टीचा रंग मिनिटभरात कळतो. ज्या विहिरीत नायट्रेट चढलेला आहे तिथे रानातलं काहीतरी झिरपून येतंय हे नक्की, फक्त विहिरीशेजारी गोठा, उकिरडा किंवा संडासाचा खड्डा नाही ना ते बघून घे नाहीतर फसशील. शंभर विहिरी पट्टीने चाळायच्या, त्यातल्या दहा-बारा निवडायच्या आणि फक्त त्यांचं पाणी मोठ्या मशीनवर पाठवायचं, तेही पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि फळ छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या काळात. हे केलंस तर तेवढ्याच पैशात पाचपट माहिती मिळते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तुमच्या भागात असतीलच, त्यांच्याकडून पाण्याच्या पातळीची आकडेवारी मागून घे, पातळी माहीत नसेल तर तुझ्या आकड्याला अर्थ नाही.

आता मशीन. नको. मशीन मागू नको.

मला माहितीय मोह होतो, शेतकरी कंपनीच्या नावाची पाटी, आत काचेच्या खोलीत एलसीएमएस (अंश मोजायचं मोठं मशीन), उद्घाटनाला पालकमंत्री. पण ते ट्रिपल क्वाड मशीन कोटीच्या पुढे जातं आणि ती सुरुवात असते, घोडा घेतला की तबेला लागतो. चोवीस तास एसी, यूपीएस, नायट्रोजन जनरेटर, आर्गॉनची सिलेंडरं, एलसीएमएस ग्रेडची सॉल्व्हंट्स, प्रत्येक औषधाचं प्रमाणित स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा शुद्ध नमुना, जे काही मिलिग्रॅमच्या बाटलीत येतं आणि ज्याला एक्स्पायरी असते. वॉरंटी संपली की एएमसी (देखभालीचा करार), दरवर्षी मशीनच्या किमतीचे काही टक्के, आणि ते पैसे कुठल्याही प्रोजेक्टमध्ये बसत नाहीत कारण प्रोजेक्ट तोवर संपलेला असतो. आणि चालवणारा माणूस? तीन वर्षांच्या कंत्राटावर घेतलेला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) मशीन शिकतो दीड वर्षात आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रायव्हेट लॅबमध्ये दुप्पट पगारावर जातो, त्याचं चुकत नाही. मी एका संस्थेत, नाव नको, अशी खोली पाहिलीय जिथे मशीनवर प्लॅस्टिक टाकलेलं होतं आणि त्यावर सत्यनारायणाच्या पूजेचं वाळलेलं हळदकुंकू. मशीनमध्ये शेवटचं सॅम्पल सोडलं ते चार वर्षांपूर्वी. पुण्या-नाशकात एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅब आहेत, त्यांच्याकडून सॅम्पलमागे दर ठरवून काम करून घे, संख्या जास्त असेल तर दर खाली येतो, घासाघीस कर.

त्यांच्याकडून करून घेतानासुद्धा आपल्याला काय मागायचंय ते कळलं पाहिजे, नाहीतर २०१० होतं. २०१० च्या सीझनला काय झालं ते तुझ्या वडिलांना विचार. खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आणि काडीत घडनिर्मिती व्हायला सगळे सीसीसी मारायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. नेहमीची तपासणी कशी होते, तर दहा ग्रॅम द्राक्षाचा लगदा, त्यात दहा मिली इथाइल ॲसिटेट, दहा ग्रॅम सोडियम सल्फेट, हलवायचं, फिरवायचं, वरचं द्रावण मशीनला. यात बहुतेक कीटकनाशकं येतात. पण सीसीसी हे मिठासारखं आहे, पाण्यात राहतं, इथाइल ॲसिटेटमध्ये येतच नाही, त्याला मिथेनॉलची वेगळी पद्धत लागते. आणि तपासायच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच. माल इथल्या तपासणीत पास होऊन बोटीत चढला, युरोपात त्यांनी वेगळ्या पद्धतीने बघितलं आणि सापडलं. एप्रिलमध्ये मारलेलं औषध काडीत, खोडात साठून पुढच्या फेब्रुवारीतल्या मण्यात उतरतं हे त्यानंतर सगळ्यांना पटलं. मी तेव्हा लॅबमध्ये होते, सकाळी सात ते रात्री बारा, एकाच केमिकलची सॅम्पलं, कॉरिडॉरमध्ये शेतकरी क्रेट घेऊन बसलेले. एक काका रोज यायचे, त्यांचा प्लॉट ०.०५ च्या मर्यादेच्या जरासा वर होता, ते म्हणायचे ताई परत एकदा लावून बघा, कदाचित आज कमी येईल. तर सांगायचं हे की "सगळी केमिकल तपासा" अशी तपासणी जगात नाही. तपासणी म्हणजे यादी, आणि यादीत नाही ते नाही. तुझ्या प्रोजेक्टमध्ये पहिले तीन महिने लॅब नाही, फक्त फवारणीच्या वह्या आणि कृषी सेवा केंद्राची बिलं गोळा करायला ठेव, म्हणजे गावात खरोखर काय मारलं जातं त्याची यादी. वहीत अ‍ॅनेक्श्चर ५ मधलीच, म्हणजे निर्यातीसाठी शिफारस केलेल्या यादीतलीच, औषधं असतात, बिलात वेगळी असतात, आणि ज्याला बिलच नाही ते "टॉनिक" सगळ्यात महत्त्वाचं, त्याची बाटलीच उचलून आण.

आता पैसे देणारे. सरकारी मोठा दरवाजा म्हणजे एएनआरएफ, २०२३ च्या कायद्याने झालेलं अनुसंधान फाउंडेशन ज्यात संशोधनाला पैसे देणारं जुनं एसईआरबी मंडळ विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी असं जाहीर आहे, पण त्यातले ३६,००० कोटी खाजगी आणि इतर स्रोतांतून यायचे आहेत हे पण वाचून ठेव. तिथे शेतकरी कंपनी अर्ज करू शकत नाही, मान्यताप्राप्त संस्थेतला शास्त्रज्ञ पीआय (प्रकल्पाचा प्रमुख) लागतो. म्हणजे तुला माणूस शोधायचाय. शिवाजी विद्यापीठ आहे, कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या दारात आहे, सांगलीतली इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. त्यातल्या तरुण माणसाला गाठ, ज्याला प्रमोशनसाठी प्रोजेक्ट हवाय. त्याच्याकडे पद आहे, तुझ्याकडे १०० विहिरी, २०० सातबारे आणि फवारणीच्या वह्या आहेत, आणि खरं सांगू, तुझी बाजू जड आहे. शास्त्रज्ञांना प्लॉटवर कोणी उभं करत नाही.

आरकेव्हीवाय, म्हणजे राष्ट्रीय कृषी विकास योजना, राज्याच्या हातात असतं, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीतून मंजुरी मिळते, पण त्यांचा ओढा इमारत, यंत्र, पायाभूत सुविधा याकडे. माती-पाण्याच्या तीन वर्षांच्या सॅम्पलिंगला तिथे फार रस नसतो. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, स्थानिक प्रश्नावरच्या उपयोजित कामाला तो बरा, विचारून बघ.

एक जुनी गोष्ट सांगते जी तुमच्या पिढीला माहीत नाही. १९४० च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर अर्धा टक्का सेस होता आणि त्यातून आयसीएआरला (भारतीय कृषी संशोधन परिषद) संशोधनाला पैसे मिळायचे, आम्ही त्याला एपी सेसचा प्रोजेक्ट म्हणायचो, छोटे दोन-तीन वर्षांचे अ‍ॅड-हॉक प्रोजेक्ट, माझं पहिलं शिकणं त्यातल्याच एकावर झालं. २००६ च्या सुमारास सेस गेला. मला तो विचार अजून बरोबर वाटतो, माल विकणाऱ्याने मालाच्या मातीसाठी थोडं बाजूला काढायचं. उसात तसं आहे बघ, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या टनामागच्या वर्गणीवर उभी आहे. कारखाना टनाला थोडे पैसे देतो, त्याला कळतही नाही, पण लाखो टनांवर संस्था चालते. द्राक्षात कंटेनर मोजता येतात, बेदाण्यात पेट्या मोजता येतात. तुमच्या कंपनीने विकलेल्या किलोमागे दहा पैसे जरी माती-पाणी खात्यात टाकले तरी एक हजार टनाला लाख रुपये होतात, आणि ते पैसे कुणाच्या मंजुरीची वाट बघत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पट्ट्या, बाटल्या आणि दहा विहिरींची तपासणी यात बसवता येते. आणि "सभासदांनी स्वतःचे पैसे घातलेत" हे वाक्य पुढच्या प्रत्येक प्रपोजलमध्ये चालतं.

सीएसआरही आहे, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्चायचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, पात्र कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, आणि परिशिष्ट सातमध्ये सरकारी विद्यापीठं, आयसीएआर यांच्या संशोधनाला पैसे देता येतात, म्हणजे इथेही विद्यापीठ सोबत पाहिजे. पण कोणाचे पैसे घेतोयस ते बघ. एकदा एका औषध कंपनीच्या पैशावर आम्ही डिसिपेशनचं काम केलं, म्हणजे औषध दिवसागणिक किती कमी होतं ते. आकडे त्यांना आवडले नाहीत. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी दमही दिला नाही, फक्त रिपोर्ट "ड्राफ्ट" राहिला. अजून ड्राफ्टच आहे. त्यानंतर मी करारात एक ओळ घालायला शिकले, की निकाल दाखवू, तीस दिवस तुमचं म्हणणं ऐकू, पण छापायचं की नाही हे आम्ही ठरवणार. या ओळीला जो नाही म्हणतो त्याचे पैसे घेऊ नको, कितीही गरज असली तरी.

वेळेचं गणित वेगळं सांगायला हवं. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, तुमची बाग एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या फळ छाटणीतून फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत. ऐकायला जुळतं, पण पैसे कधी येतात? माझ्या एका प्रोजेक्टचा पहिला हप्ता २३ मार्चला आला, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा. आठ दिवसांत काय खर्च करणार, काचेच्या बाटल्या घेतल्या, झाकणं घेतली. बाग तेव्हा रिकामी. पुढचा हप्ता यूसी गेल्याशिवाय नाही, फॉर्म १२-अ, त्यावर सही करणारे साहेब रजेवर, आणि ऑक्टोबर निघून गेला. म्हणून प्रपोजलमध्ये सॅम्पलिंगचा तक्ता महिन्यांनी लिहू नको, "पैसे मिळाल्यानंतरची पहिली फळ छाटणी" असं लिही, आणि तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये दोनच सीझनचं काम कबूल कर. खरेदीचं जरा सोपं झालंय, जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांच्या प्रमुखांना जेमच्या (सरकारी खरेदीचं पोर्टल) बाहेरून वैज्ञानिक वस्तू घ्यायचे अधिकार मिळालेत, नाहीतर आधी जेमवर स्टँडर्ड शोधायला बसलं की भलतंच काहीतरी यायचं.

बजेटमध्ये लोक विसरतात त्या गोष्टी बारीक असतात. गाडी आणि बर्फ. डीप फ्रीझरला इन्व्हर्टर. हा मी मागितला होता, कन्टिन्जन्सीत (किरकोळ खर्चात) बसत नाही म्हणून काढून टाकला गेला, मग मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी लाइट गेली आणि सोमवारी दार उघडलं तेव्हा १४० मातीच्या पिशव्या कोमट. वजा वीसवर ठेवलेली सहा महिन्यांची मेहनत. इन्व्हर्टर किती रुपयांचा होता ते मी आजही विसरले नाही. शिवाय ब्लँक (औषध नसलेलं), रिपीट (तेच पुन्हा) आणि स्पाइक (मुद्दाम मोजून औषध घातलेलं) सॅम्पलचे पैसे वेगळे धर, दर दहा सॅम्पलमागे दोन-तीन ज्यादा लागतात, ते नसतील तर तुझे आकडे कोणी धरणार नाही.

आता ती गोष्ट जी फंडिंगमध्ये कोणी लिहीत नाही, आणि जिच्यावर अर्धे प्रोजेक्ट मरतात. शेतकरी सॅम्पल का देईल? त्याच्या गट नंबरसमोर लाल आकडा आला आणि व्यापाऱ्याला कळलं तर त्याचा दर पडणार. तो तुला चांगल्या ओळीची माती देईल, किंवा चहा पाजून परत पाठवेल. हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात सांडपाण्याचा गाळ खत म्हणून वर्षानुवर्षं शेतात पसरला, २०१६ मध्ये एका डेअरीच्या दुधात पीएफएएस नावाची न मोडणारी रसायनं सापडली, पुढे गाळ टाकलेल्या सातशेहून जास्त जागा तपासायचा कायदा झाला, २०२२ मध्ये गाळ पसरण्यावरच बंदी आली. आणि त्याच वर्षी ६ कोटी डॉलरचा फंड केला, ज्यात रिसर्च होता पण त्यासोबत ज्याच्या शेतात सापडलं त्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई, गरज पडली तर जमीन विकत घेणं आणि लोकांची तब्येत हेही होतं. मला यातली अक्कल आवडते. मोजायला पैसे आणि मोजल्यामुळे जो बुडेल त्याला पैसे, एकाच पेटीत. आपल्याकडे पहिली पेटीच अर्धी असते.

तू तेवढं करू शकणार नाहीस, पण दोन गोष्टी कर. निकालात गट नंबर नको, कोड टाक, कोडची वही एकाच माणसाकडे, आणि हे लेखी दे. दुसरं, बजेटमध्ये "निकालानंतर" असं एक हेड ठेव. ज्याच्या विहिरीत काही सापडलं त्याच्या घरी पिण्याच्या पाण्याची सोय कोण करणार, ज्याच्या मातीत तांबं चढलं त्याला बोर्डोऐवजी काय आणि ते कोणाच्या खर्चाने. मी एकदा एका वस्तीवर नायट्रेटचा रिपोर्ट द्यायला गेले, अंगणात बाई लहान बाळाला दूध पाजत होती, तिने कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, मग ताई आता पाणी कुठलं प्यायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, प्रोजेक्टमध्ये तो कॉलमच नव्हता. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो, एवढं सांगून मी गाडीत बसले. तान्ह्या बाळाला नायट्रेटच्या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर देणं धोक्याचं असतं, तेवढं तरी तुझ्या पहिल्याच पत्रकात मोठ्या अक्षरात छाप.

तर तुझ्यासाठी क्रम मी असा लावेन. या महिन्यात कार्डं आणि बिलं गोळा कर. नायट्रेटच्या पट्ट्या मागव, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सगळ्या विहिरी चाळ. बेदाण्याच्या तुकड्यासाठी दोन व्यापाऱ्यांशी बोल, या सीझनला एकाच शेडवर सुरुवात कर. हातात ग्राफ आला की कसबे डिग्रज किंवा कोल्हापूर गाठ, आणि मग एएनआरएफचं बघ. मोठं प्रपोजल दुसऱ्या वर्षी.

आणि सॅम्पल घ्यायला पोरं पाठवशील त्यांना सांग, तांब्यासाठीची माती प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी खुरप्याने, पितळेचं काहीही लावायचं नाही. कीटकनाशकाची माती स्टीलच्या खुरप्याने आणि पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नाही. पंप पाच-दहा मिनिटं चालू देऊन मग बाटली भरायची, पाइपातलं शिळं पाणी नको. विहिरीवर जाताना त्याच गाडीत फवारणीचा एसटीपी पंप न्यायचा नाही, हे हसण्यावारी नेऊ नको, आम्ही एकदा नेलाय आणि पूर्ण तालुका पॉझिटिव्ह आला. लेबल पेन्सिलीने लिहायचं, मार्कर बर्फाच्या पाण्यात पुसतो, आणि एक लेबल पिशवीच्या बाहेर तर दुसरं घडी करून छोट्या पिशवीत घालून बाहेरच बांधायचं, मातीत नाही टाकायचं.